प्रवाळाचा हिशेब : नाशिकहून मालवण की वंडूर?

दिवाळी तोंडावर आली की नाशिकमधल्या सहल कंपन्यांच्या फलकांवर अंदमान झळकू लागतं. नाशिककराला ते बेट परकं नाही. भगूरच्या सावरकरांना १९११ साली तिथल्या सेल्युलर जेलमध्ये नेलं, त्यामुळे ती कोठडी एकदा पाहून यायची असं अनेक घरांत ठरलेलं असतं. जाणारच आहोत तर समुद्राखालचे रंगीत मासे आणि प्रवाळही पाहून घेऊ, असा विचार मग ओघानेच येतो. तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, "त्यासाठी एवढ्या लांब कशाला? मालवणला पाचशे रुपयांत दाखवतात."

दोघांचंही म्हणणं खरं आहे, पण अर्धं. मालवणला स्नॉर्कलिंग स्वस्त आहे आणि अंदमानचं पाणी जास्त नितळ आहे. किती पैशांत नेमकं काय पदरात पडतं, हे मात्र दोन्ही ठिकाणचा हिशेब शेजारी-शेजारी मांडल्याशिवाय कळत नाही. इथे तो चौघांच्या कुटुंबासाठी मांडला आहे : आई-वडील आणि शाळेत जाणारी दोन मुलं. दर ढोबळ आहेत. ते हंगाम, सुट्ट्या आणि तुमची घासाघीस यांप्रमाणे खाली-वर होतील, म्हणून निघण्याआधी फोन करून ताजे दर विचारून घ्यावेत. खर्चाचं एकमेकांशी असलेलं प्रमाण मात्र फारसं बदलत नाही आणि निर्णय त्यावरूनच घ्यायचा आहे. पैसा जातो तो पाण्यापर्यंत पोचण्यात. प्रत्यक्ष पाण्यात त्याचा लहानसा वाटा खर्च होतो, आणि आपली काटकसर नेमकी तिथेच सुरू होते.

एकाला दार आहे, दुसऱ्याला नाही

मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्यातला गाभ्याचा भाग जेमतेम तीन चौरस किलोमीटरचा असून सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आसपासचे पाण्याखालचे खडक त्यात येतात. शिवरायांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया घातला. आज त्याच तटाच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहे आणि स्नॉर्कलिंगच्या होड्या तिथेच उभ्या राहतात.

नांदूरमधमेश्वरला गेलेल्या नाशिककराला अभयारण्य म्हटलं की प्रवेशशुल्क, मार्गदर्शक आणि वनखात्याची माणसं आठवतात. मालवणात पाण्यावर यातलं काहीच दिसत नाही. अभयारण्याला स्थानिक मच्छीमारांचा पहिल्यापासून विरोध राहिला, कारण पिढ्यान्‌पिढ्यांची मासेमारीची जागा बंधनांत जाणार होती. आज पर्यटकांना पाण्यात नेणारेही बहुतेक त्याच वस्त्यांमधले आहेत. तुम्ही पैसे देता ते होडीवाल्याला, अभयारण्याला नव्हे. काय करावं आणि काय करू नये हे सांगायला तिथे कुणी उभं नसतं.

अंदमानात चित्र वेगळं आहे. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ साली स्थापन झालं. सुमारे २८१ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात १५ बेटं आहेत. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालं आहे. तिथून रस्त्याने सुमारे ३० किलोमीटरवर वंडूरची जेटी आहे आणि उद्यानाचं दार तेच. पर्यटकांसाठी मोसमानुसार एकच बेट खुलं ठेवतात : साधारण नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत जॉली बॉय, पावसाळी महिन्यांत रेड स्किन. प्रवाळाला विश्रांती मिळावी म्हणून ही आळीपाळी. बेटावर मुक्काम नाही, दुकान नाही, टपरी नाही. दोन-तीन तास थांबून परत यायचं.

मालवण : पोचायचं कसं

नाशिक ते मालवण हे अंतर पुणे-कोल्हापूरमार्गे जवळपास ६०० किलोमीटर भरतं. स्वतःच्या पेट्रोल गाडीने जाऊन-येऊन आणि तिथे थोडं फिरून १,३०० किलोमीटर धरा. लिटरला १५ किलोमीटर पडत असतील तर इंधनाचे नऊ-साडेनऊ हजार, शिवाय टोलचे हजार-दीड हजार. चालकासह गाडी भाड्याने घेतली तर किलोमीटरला पंधरा-सोळा रुपये, चालकाचा भत्ता आणि रोजचे किमान किलोमीटर धरून आकडा पंचवीस हजारांच्या आसपास जातो. दोन कुटुंबं मिळून मोठी गाडी केली तरच हे परवडतं.

रेल्वेची एक सोय अनेकांच्या ध्यानात येत नाही. हजरत निजामुद्दीन-एर्नाकुलम मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस नाशिकरोडवरून जाते आणि कल्याण-पनवेलनंतर कोकण रेल्वेला लागते. गाडी बदलायची गरज पडत नाही. मालवणसाठी कणकवली किंवा कुडाळ ही सोयीची स्टेशनं. त्यांपैकी कुठे थांबा आहे ते चालू वेळापत्रकात पाहूनच तिकीट काढा, कारण कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं. मंगला मिळाली नाही तर मुंबई गाठून रात्रीची कोकणकन्या किंवा दादरहून तुतारी. दोन्ही कुडाळला थांबतात. स्लीपरला माणशी साडेचारशे-पाचशे, तृतीय वातानुकूलितला बाराशेच्या आसपास धरा. आरक्षण आता ६० दिवस आधी खुलं होतं. दिवाळी आणि नाताळच्या गाड्या पहिल्या दिवशीच भरतात, म्हणून तारीख वहीत लिहून ठेवा.

कुडाळहून मालवण ३० किलोमीटर. रिक्षा सातशे-आठशे रुपये घेते. एसटीने शंभरच्या आत भागतं. राज्यातल्या एसटी प्रवासात महिलांना निम्मं भाडं आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. आजी-आजोबा सोबत असतील तर हा फरक हिशेबात दिसतो.

विमानाचा विचार ज्यांना करायचा आहे त्यांनी ओझरहून गोव्याची थेट सेवा त्या हंगामात सुरू आहे का ते पाहावं. मोपा विमानतळ मालवणपासून दोन-अडीच तासांवर आहे. चौघांना मात्र ही चैन रेल्वेच्या कितीतरी पट महाग पडते आणि वेळही वाटतो तेवढा वाचत नाही.

मालवण : पाण्यातला खर्च

किल्ल्यावर जायची होडी माणशी शंभर रुपयांच्या आसपास. स्नॉर्कलिंग चारशेपासून हजारापर्यंत. तारकर्ली-देवबागला डॉल्फिन पाहायची होडी अख्खी घेतली तर दीड ते अडीच हजार. स्कूबाचे दर हजारापासून तीन हजारांपर्यंत पसरलेले आहेत. एवढी तफावत का, ते समजून घ्यायला हवं.

स्वस्त स्कूबात पाण्याखाली जेमतेम दहा-पंधरा मिनिटं मिळतात. प्रशिक्षक तुम्हाला मागून धरून एका खडकाशी नेतो, फोटो काढतो, वर आणतो. आधीचा सराव होडीच्या कडेला धरून दोन मिनिटांचा. तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. अशा ठिकाणी आधी तलावात सराव करून घेतात आणि मग समुद्रात नेतात. दर जास्त वाटतो तो या सरावाचा असतो आणि पहिल्यांदा पाण्याखाली जाणाऱ्याला त्याचीच गरज असते. स्कूबा, पॅरासेलिंग आणि जेट स्की यांचं एकत्र पॅकेज किनाऱ्यावर गळ्यात मारतात. प्रवाळ पाहायला आला असाल तर ते नाकारा. तेच पैसे दुसऱ्या दिवशीच्या स्नॉर्कलिंगला लावा.

दुसरा दिवस यासाठी की मालवणचं पाणी लहरी आहे. कर्ली आणि गड नद्या जवळच समुद्राला मिळतात. पाऊस संपल्यानंतरही काही आठवडे गढूळपणा राहतो. वारा सुटला की वाळू उठते. एखाद्या सकाळी चार-पाच मीटरवरचा खडक स्वच्छ दिसतो, दुसऱ्या दिवशी हात लांब केला तर बोटं धूसर. सगळे पैसे एकाच सकाळवर लावणं हा जुगार आहे. दोन सकाळी हाताशी ठेवा, मुक्कामाला पोचल्यावर आधी होडीवाल्याला "पाणी कसंय?" असं विचारा आणि बरी सकाळ निवडा. दुसरीही बरी निघाली तर पुन्हा उतरा. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ त्यातल्या त्यात भरवशाचा. वेळ सकाळची, दुपारचा वारा सुटण्याआधीची. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्याची वाहतूक आणि जलक्रीडा बंद असतात. त्या काळात कुणी "आपली ओळख आहे, सोडतो" म्हणालं तरी जाऊ नका.

दिसतं काय? अंदमानची छायाचित्रं डोक्यात ठेवून गेलात तर निराश व्हाल. इथला प्रवाळ खडकाला घट्ट चिकटलेला, गोलाकार नाहीतर पसरट, मातकट-हिरवट रंगाचा असतो. त्याच्या अवतीभोवती पट्टेदार सार्जंट मासे, फुलपाखरू मासे, काळे काटेरी समुद्री साळिंदर, स्पंज. पाण्यावर यायचं तर कुबड असलेले डॉल्फिन देवबागच्या बाजूला सकाळी दिसतात. उंच माडांवर किंवा सुरूंवर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड बसलेला असतो. वेंगुर्ल्यापासून आत समुद्रातल्या बर्न्ट आयलंडवर पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे, तिथे विणीच्या काळात उतरायचा हट्ट धरू नये. फक्त मासे पाहायला न जाता हा सगळा किनारा पाहायला गेलात तर मालवणचे पैसे फिटतात.

मुक्कामाला घरगुती निवास सर्वांत बरा. चौघांना एक खोली आणि जादा गादी मिळून दोन-अडीच हजार, सुट्टीच्या दिवसांत दुप्पट. माशाचं ताट अडीचशेपासून सुरू होतं. सुरमई किंवा पापलेट घेतलं की पाचशे-सहाशेवर जातं. बांगडा, मोरी, तिसऱ्या खाणारा इथे पैसे वाचवतो आणि जेवतोही छान.

*मालवणचा ढोबळ खर्च, चौघे, तीन मुक्काम*

- रेल्वे, स्लीपर, जाऊन-येऊन : ३,६००
- कुडाळ-मालवण आणि स्थानिक रिक्षा : ३,०००
- निवास : ७,५००
- जेवणखाण, चार दिवस : ९,६००
- किल्ल्याची होडी आणि डॉल्फिनची फेरी : २,५००
- स्नॉर्कलिंग, दोन सकाळी, माणशी ७०० : ५,६००
- एकूण : ३१,८००

वातानुकूलित डब्याने गेलात तर यात सहा हजारांची भर पडते. स्नॉर्कलिंगचा वाटा, तोही दोनदा उतरून, एकूण खर्चाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी आहे. माणशी दोनशे रुपये वाचवायला हलका होडीवाला गाठलात तर दोन सकाळींचे मिळून सोळाशे रुपये वाचतील. बत्तीस हजारांच्या सहलीत त्या सोळाशेसाठी चष्म्यातून पाणी गळू द्यायचं का, हे तुम्हीच ठरवा.

वंडूर : एका दिवसासाठी एवढं?

अंदमानच्या खर्चात विमान सगळ्यांना खाऊन टाकतं. मुंबईहून थेट किंवा चेन्नई, बेंगळुरू, कोलकाता अशा शहरांतून जाऊन-येऊन माणशी पंधरा ते अठ्ठावीस हजार. दोन-तीन महिने आधी, आठवड्याच्या मधल्या वारी आणि मुलांच्या सुट्टीच्या आगेमागे काढलं तर खालचा आकडा मिळतो. सगळ्या सहलीतली मोठी बचत इथेच आहे : चार तिकिटांवर माणशी सहा हजार वाचले तर चोवीस हजार झाले, म्हणजे सहा रात्रींचं निवासभाडं.

जॉली बॉयसाठी वनखात्याचा परवाना आधी काढावा लागतो. सर्वांची ओळखपत्रं जवळ हवीत. रोजची संख्या मर्यादित असते, सोमवारी उद्यान बंद असतं. परवाना, बोट आणि स्नॉर्कलिंगचं साहित्य मिळून माणशी बाराशे-तेराशे धरा. वंडूरच्या जेटीवर सकाळी लवकर पोचायचं. तिथे पिशव्या तपासतात. प्लास्टिकची बाटली, चिप्सचं पाकीट, कॅरीबॅग काहीही आत नेता येत नाही. घरूनच स्टीलच्या बाटल्या आणि डबे न्या, म्हणजे जेटीवर अनामत भरून बाटली भाड्याने घ्यायची वेळ येत नाही. बोट तासाभरात खारफुटीच्या खाडीतून बेटावर पोचते. तिथे काचेच्या तळाच्या बोटीची छोटी फेरी असते, पोहता न येणाऱ्या आजी-आजोबांनाही त्यातून प्रवाळ दिसतो. पाण्यात उतरलात तर पोपट मासे, समुद्रफुलांत लपलेले विदूषक मासे, ओठ उघडे ठेवून बसलेले मोठे शिंपले.

इथेही सगळं जसंच्या तसं नाही. पाणी तापल्याने २०१० साली अंदमानचा प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरा पडला. त्यानंतरही जगभर अशा लाटा येऊन गेल्या. उथळ भागात मेलेल्या फांद्यांचे ढीग दिसतील, त्यांवर नव्याने धरलेले अंकुरही दिसतील. माहितीपत्रकातलं चित्र डोळ्यांसमोर ठेवून पैसे मोजू नका.

सहल कंपनीबरोबर जाणाऱ्यांसाठी एक सूचना. कार्यक्रमपत्रिकेत "स्नॉर्कलिंग, समुद्री जीवन" असं लिहिलेलं असतं, पण बऱ्याचदा ते नॉर्थ बेचं असतं. जुन्या वीस रुपयांच्या नोटेच्या मागे ज्या बाजूचं दृश्य होतं, तीच जागा. पोर्ट ब्लेअरला लागून असल्याने कंपनीला ती सोयीची पडते, पण ते राष्ट्रीय उद्यान नव्हे. जॉली बॉय पत्रिकेत आहे का, ऐच्छिक असेल तर वेगळे किती, परवाना कंपनी काढणार की आपण, आणि परवाना नाही मिळाला तर पैसे परत का, हे चार प्रश्न आगाऊ रक्कम भरण्याआधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. हॅवलॉक म्हणजे आताच्या स्वराज द्वीपावर एलिफंट बीचला स्नॉर्कलिंग होतं. दुसरा समुद्रदिवस म्हणून ते चांगलं.

*अंदमानचा ढोबळ खर्च, चौघे, सहा मुक्काम*

- नाशिक-मुंबई विमानतळ, गाडीने, जाऊन-येऊन : ८,०००
- विमान, माणशी २२,००० : ८८,०००
- निवास : २४,०००
- स्वराज द्वीपच्या फेरीबोटी : १२,०००
- स्थानिक गाडी : १२,०००
- जेवणखाण, सात दिवस : २२,४००
- सेल्युलर जेल, ध्वनिप्रकाश खेळ, इतर तिकिटं : २,०००
- जॉली बॉय आणि एलिफंट बीच : ११,२००
- एकूण : १,७९,६००

एक लाख ऐंशी हजारांत समुद्राचे अकरा हजार. शंभरातले सहा रुपये. आणि "खर्च फार होतोय" म्हणून ऐन वेळी जे कापलं जातं ते जॉली बॉयच असतं, कारण बाकी सगळं आधीच भरून झालेलं असतं. एवढ्या लांब जाऊन हेच कापायचं असेल तर सेल्युलर जेलपुरती चार मुक्कामांची सहल करावी, तीत पैसे खरोखर वाचतील.

लक्षद्वीपचा विचार मनात आला असेल तर थोडक्यात : पाणी अप्रतिम, पण भारतीयांनाही प्रवेशपरवाना लागतो, वाट कोचीवरून, आणि राहण्याच्या जागा मोजक्या. मुलांसह पहिल्या सागरी सहलीसाठी ते ठिकाण नव्हे.

होडीत पाय ठेवण्याआधी

२०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. त्यानंतर काही दिवस सगळे नियम आठवतात, मग गर्दीत विसरले जातात. म्हणून खालच्या गोष्टी ग्राहकाने स्वतः विचाराव्यात. उत्तर द्यायला जो कंटाळतो त्याच्या होडीत बसू नये.

- होडीला महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना आहे का, आणि किती माणसांचा? होडीतली डोकी मोजा.
- जॅकेट प्रत्येकाला, मुलांच्या मापाचं आणि नीट बंद होणाऱ्या पट्ट्यांचं आहे का? अंगात घालूनच निघायचं.
- प्रत्यक्ष पाण्यात किती मिनिटं? किती जणांमागे एक जाणकार?
- पाणी गढूळ निघालं तर पैसे परत की दुसरी तारीख?
- फोटो-व्हिडिओचे पैसे धरलेत की वेगळे?
- होडीचं इंजिन लोक पाण्यात असताना बंद ठेवता का?

अंदमानात आणखी एक भर. तिथल्या खाड्यांमध्ये आणि काही किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. वंडूरच्या किनाऱ्यावर तसे फलक लावलेले आहेत. जिथे जीवरक्षक पोहायला सांगतो तिथेच पोहायचं, संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी पाय बुडवून बसायचं नाही.

स्कूबा केल्यावर त्याच दिवशी विमानात बसू नये. एका बुडीनंतर किमान १२ तास, एकाहून जास्त बुड्या झाल्या तर १८ तास जाऊ द्यावेत, असा सर्वमान्य दंडक आहे. नाशिककराने यात घाटही धरावा. आंबोलीची उंची ६९० मीटरच्या आसपास आहे, आणि नाशिकही समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. सकाळी खोल बुडी मारून दुपारी घाट चढायला लागण्याऐवजी स्कूबा पहिल्या दिवशी उरकून टाका. नुसत्या स्नॉर्कलिंगला ही अट नाही.

नाशिकमध्येच करायचा खर्च

हजार-दीड हजारात चांगला चष्मा आणि श्वासनळी नाशिकमध्ये विकत मिळते. चौघांना चार घ्यायची गरज नाही, चष्मे दोन-तीन पुरतात, नळ्या मात्र ज्याच्या त्याच्या असाव्यात. भाड्याच्या नळीत आधी कुणाचं तोंड होतं हे आठवलं की हा खर्च पटतो. दुकानात चष्मा पट्टा न लावता चेहऱ्यावर धरा, नाकाने श्वास आत ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा. दाढी-मिशी असेल तर थोडं पाणी आत येणारच. डोळ्यांना नंबर असेल तर नंबरी काचेचा पाण्याचा चष्मा मागवा. एवढ्या लांब जाऊन धूसर मासे पाहण्यापेक्षा हा खर्च केव्हाही वसूल होतो.

मग महापालिकेच्या सावरकर जलतरण तलावात किंवा जवळच्या कुठल्याही तलावात तीन-चार वेळा चष्मा-नळी लावून उताणं नव्हे, पालथं तरंगायचा सराव करा. नाकाऐवजी तोंडाने श्वास घेणं आणि नळीत आलेलं पाणी फुंकून बाहेर टाकणं, एवढंच शिकायचं आहे. गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीत, पोहणं शिकलेल्यांनाही तोंड पाण्यात ठेवून श्वास घ्यायला आधी बिचकायला होतं. ही भीती तलावाच्या तिकिटात घालवता येते. समुद्रात ती घालवायला बसलात तर पहिली सकाळ त्यातच जाते.

अंगात लांब बाह्यांचा पोहण्याचा कपडा घाला. पाठ भाजत नाही आणि पाण्यात क्रीमही उतरत नाही. होडी लागत असेल त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यावी. प्रवासविमा काढला असेल तर त्यातून जलक्रीडा वगळल्या आहेत का ते वाचून ठेवा.

काय आणायचं नाही, काय द्यायचं नाही

प्रवाळ, मोठे शिंपले आणि समुद्री काकडी यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. वाघ आणि प्रवाळ एकाच कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा मुलाने खिशात घातला तरी श्री विजयपुरमच्या विमानतळावर तो पिशवीतून काढून घेतला जाऊ शकतो, प्रकरण त्याहून पुढेही जाऊ शकतं. शंख-शिंपल्यांच्या दुकानात बिल आणि परवाना दाखवत नसेल तर घेऊ नका.

मालवणात माशांना बिस्किटं किंवा पाव टाकून फोटो काढायची पद्धत पडली आहे. मासे जवळ येतात हे खरं, पण ते माशांचं अन्न नाही. "दादा, बिस्किटं नकोत, असंच दाखवा," असं होडीत बसतानाच सांगा. प्रवाळावर उभं राहू नका, जॅकेट घातलेलं असेल तर त्याची गरजही पडत नाही. वंडूरला हे सांगायला वनरक्षक आहे. मालवणात तपासणारं कुणी नाही, म्हणून गिऱ्हाईकाने मागितलं तेच होडीवाला पुरवतो. चार गिऱ्हाईकांनी बिस्किटं नाकारली तर पाचव्याला तो ती आपणहून देणार नाही.

मग कोणी कुठे जावं?

मुलं दहाच्या आतली असतील, घरात कुणालाच पाण्यात तोंड घालायची सवय नसेल किंवा खर्चाची मर्यादा चाळीस हजार असेल तर मालवण. नोव्हेंबरअखेर किंवा जानेवारीत, शनिवार-रविवार टाळून, दोन सकाळी राखून.

सेल्युलर जेल पाहायचंच आहे, मुलं पोहतात आणि दीड-दोन लाख बाजूला काढता येतात, तर अंदमान. जानेवारी ते एप्रिल हा काळ धरा, जॉली बॉयचा दिवस कार्यक्रमात सर्वांत आधी पक्का करा आणि बाकीचे दिवस त्याभोवती बसवा.

दोन्ही जमणार असेल तर क्रम मालवण आधी, अंदमान नंतर असा ठेवा. बत्तीस हजारांत सगळं घर नळीतून श्वास घ्यायला शिकतं, मग पावणेदोन लाखांच्या सहलीतले जॉली बॉयवरचे दोन-तीन तास शिकण्यात न जाता पाहण्यात जातात. डिसेंबरमध्ये मालवणला जायचं ठरलं असेल तर रेल्वेचं आरक्षण ऑक्टोबरात उघडेल. चष्मा आणि तलावाचं तिकीट त्याआधीच घेऊन ठेवा.